तंबोरा कुठाय?

वेस्टर्न क्लासिकल ऐकायला सुरुवात कुठून करू असं विचारलं की सगळीकडं ठरलेलं उत्तर मिळतं, बीथोवनची पाचवी सिम्फनी लाव, मोझार्टची चाळिसावी लाव, विवाल्डीचे फोर सीझन्स लाव. मोझार्टची चाळिसावी तर आपल्याला न ऐकताच पाठ असते, सलील चौधरींनी १९६१ च्या 'छाया'मधे तिची सुरुवात घेऊन गाणं बांधलं आणि रेडिओनं ते घराघरात पोचवलं. पण माझं स्पष्ट मत आहे की ज्याच्या कानावर थोडंफार ख्यालगायन पडलंय अशा माणसानं ह्यातलं काहीही पहिल्यांदा लावू नये. पन्नास-साठ माणसं एकदम वाजवायला लागतात, कोण काय करतोय कळत नाही, दोन मिनिटं भारी वाटतं, मग हात आपोआप मोबाईलकडं जातो आणि "हे काय आपलं काम नव्हे" असा शिक्का बसतो तो बसतोच.

कोल्हापूरचा कान म्हणजे काय ते आधी सांगायला पाहिजे. अल्लादिया खाँसाहेब इथं शाहू महाराजांच्या दरबारात होते, जयपूर-अत्रौली गायकीची मुळं ह्या गावात खोलवर गेली, त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ इथं शिकवत राहिले. त्यामुळं स्वतःला गाता येवो न येवो, जुन्या पेठांतल्या बऱ्याच घरांत एखादा तरी माणूस असतो जो देवल क्लबात, म्हणजे इथल्या जुन्या संगीतसंस्थेत, मागच्या रांगेत बसून सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, आली की मांडीवर थाप मारतो आणि राग ओळखता आला नाही तर घरी येईपर्यंत अस्वस्थ असतो. आमच्याकडं वडील तसले होते. मी त्यांच्यासोबत जायचो ते बहुतेक वेळा परत येताना खासबागेत भेळ मिळते म्हणून, पण कान काय विचारून तयार होत नाही, तो होत राहतो. आणि असल्या गाण्यावर तयार झालेला कान काही गोष्टी धरूनच चालतो, की मागं तंबोरा आहे, सा पक्का आहे, आणि गवैया कितीही लांब गेला तरी आवर्तन फिरून समेवर येणार आहे.

मी शिरोलीला एका फौंड्रीत हिशोब बघतो. दिवसभर कानावर जे पडतं त्याला संगीत म्हणता येणार नाही, त्यामुळं रात्री जेवण झालं की गच्चीवर स्पीकर घेऊन बसायची सवय लागली. शेजारचे आण्णा, सत्तरीच्या पुढं गेलेले, उमेदीत तबला वाजवलेला, एका रात्री आवाज ऐकून वर आले. जर्मन संगीतकार ब्राम्स लावला होता. खुर्चीत बसून मान खाली घालून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "लेका, ह्यात तंबोरा कुठाय?"

मी म्हटलं आण्णा, त्यांच्याकडं तंबोरा नसतो.

"मग सा कशावरनं धरायचा?"

मला उत्तर देता आलं नाही, पण आपल्यासारख्यांची सगळी अडचण त्या एका प्रश्नात आहे हे तेव्हाच लक्षात आलं. आपल्याकडं मैफल तीन तास चालली तरी सा जागचा हलत नाही. एखादा कसबी गवैया मूर्च्छना करून घटकाभर दुसऱ्या रागाची सावली दाखवतो, पण तेव्हाही मागं तंबोरा मूळ सा धरूनच बसलेला असतो. त्यांच्याकडं सा च उठून चालू लागतो. सी मेजरमधे, म्हणजे सी ला सा मानून, सुरू झालेली सोनाटा थोड्या वेळानं जी मेजरमधे जाते, म्हणजे आपल्या हिशोबानं पंचमालाच सा मानून पुढचा संसार, मग मधल्या भागात आणखी कुठं कुठं भटकंती, एका घरात टेकतात न टेकतात तोवर दुसऱ्या, आणि बऱ्याच वेळानं मूळ घरी, सुरुवातीची चाल घेऊन. ते परत येणं ही त्यांची सम. आपली सम दर आवर्तनाला येते, ह्यांची आठ-दहा मिनिटांतून एकदा, आणि तोवर श्रोत्यानं घरचा पत्ता स्वतःच लक्षात ठेवायचा.

आता हे घर बदललं हे ओळखायचं कसं? ह्यावर पुस्तकं भरपूर आहेत आणि त्यातली जी थोडी मी चाळली ती नोटेशन येत नसेल तर डोक्यावरून जातात. मला जे समजलं ते पेटीवर. घरात पेटी असेल तर करून बघा, करंगळीनं तार सा दाबून ठेवा, अजिबात सोडायचा नाही, आणि अंगठ्यानं खाली आधी मध्य सा लावा, मग तो सोडून शुद्ध मध्यम, मग कोमल धैवत. वरचा सा केसभरही हललेला नाही. पण खाली सा असताना तो घरात निवांत बसलेला असतो, मध्यम लागला की तो त्या मध्यमाचा पंचम होतो, आणि कोमल धैवत लागला की त्याचा गंधार होऊन एकदम वेगळाच गोड लागतो. स्वर तोच, नातं बदललं. पाश्चात्त्य संगीतात जे काही घडतं त्यातलं निम्मं ह्या एका खेळात आहे. चाल वर चाललेली असते, पण ती सुखात आहे का अडचणीत हे खालचा स्वर ठरवतो, आणि आपण आयुष्यभर फक्त वरच्या स्वराकडं कान लावून बसायला शिकलेलो असतो.

म्हणून मी खालून ऐकायला लागलो. चाल काय चालायची ती चालू दे, चेलो काय करतोय, डबल बेस कुठं गेला, पियानोवाल्याचा डावा हात कुठं उतरला, तेवढंच बघायचं. ह्याला हेडफोन बरा लागतो. मोबाईलच्या स्पीकरवर खालचे स्वर जवळजवळ गायबच असतात, आणि असं अर्धं संगीत ऐकून "ह्यांच्यात खोली नाही" म्हणणारे महाभाग मी पाहिलेत. सुरुवातीला कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू. नंतर असं होतं की वरची चाल न ऐकताही "आता काहीतरी होणार" हे खालच्या हालचालीवरून कळायला लागतं, आणि ते एकदा कळलं की मग सुटका नाही.

पियानोचा गंधार हा वेगळाच त्रास आहे. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्याच्याशी ताडून बघितलं तर पियानोचा शुद्ध गंधार साधारण १४ सेंटनं चढा असतो, एका अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर. सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले की हे होणारच, कुठल्याही पट्टीतून कुठल्याही पट्टीत जायचं स्वातंत्र्य पाहिजे असेल तर प्रत्येक स्वराला थोडी थोडी तोशीस लागते. आकाशवाणीनं एके काळी पेटीवर बंदी घातली होती त्यामागं हाही मुद्दा होताच. पण गोविंदराव टेंब्यांच्या पेटीचं कौतुक सांगणाऱ्या गावानं पियानोच्या गंधारावर नाक मुरडू नये असं आपलं माझं मत.

खरा रस्ता सापडला तो बाखच्या शाकॉनमधे. १७२० साली बाखनं एकट्या व्हायोलिनसाठी सहा रचनांचा संच स्वतःच्या हातानं लिहून काढला, साथीला काहीही नाही, त्यातल्या डी मायनरमधल्या दुसऱ्या पार्टिटाचा, म्हणजे नृत्यांच्या माळेचा, शेवटचा भाग म्हणजे शाकॉन. बांधणी अशी की तीन-तीन मात्रांचे चार बार, म्हणजे बारा मात्रांचं एक चक्र, त्यात खालचा स्वर सा वरून निघतो, पंचमापर्यंत उतरतो आणि पुन्हा सा गाठतो. मग पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच, साधारण ६४ वेळा, सगळं मिळून पंधरा मिनिटांच्या आसपास. बारा मात्रा म्हटल्यावर मला एकतालच आठवला आणि मी तो तसाच ऐकला, शास्त्र शिकलेल्या लोकांनी काय म्हणायचं ते म्हणावं. गंमत म्हणजे उचल पहिल्या मात्रेवर नाहीच, पहिली मोकळी सोडून दुसरीवर वजन टाकून सुरू होतं, त्यामुळं सुरुवातीलाच कान टवकारतात.

आणि पुढं जे होतं त्याला बढत, म्हणजे ख्यालात राग पायरीपायरीनं वाढवत नेणं, ह्याशिवाय दुसरा शब्द मला सुचत नाही. आधी जड जड, तीन-चार स्वर एकत्र घेतलेले ठोके. मग एकेरी चाल सुटते, सरळ, ऐसपैस. मग तिचे तुकडे दुप्पट गतीनं, मग त्याहून जलद, तानांसारखे, पण श्वास कुठंही तुटत नाही, जयपूरवाल्यांना आवडावी अशी सलग गुंफण. मग एक लांबच्या लांब भाग येतो ज्यात बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, चारी तारांवरून मागं-पुढं झुलत राहतो आणि चाल अशी उरतच नाही, नुसता रंग बदलत जातो. आणि अर्ध्याच्या जरा पुढं गेल्यावर, सगळा दंगा शांत झाल्यावर, कोमल गंधाराचा शुद्ध होतो. बाकी सा तोच, चक्र तेच. मायनरचं मेजर झालं असं पुस्तकात एका ओळीत लिहितात. ऐकताना मात्र इतका वेळ आपण कुठं होतो तेच त्या क्षणी कळतं. पुढं परत कोमल गंधार येतो, सुरुवातीचे ते जड ठोके परत येतात आणि शेवट नुसत्या सा वर.

ह्यातली कारागिरी अशी आहे की व्हायोलिनच्या चार तारा एका बोनं एकदम धरून ठेवता येत नाहीत, दोन धरता येतात. त्यामुळं चार स्वरांचा ठोका घेताना वाजवणारा खालच्या तारांना स्पर्श करून लगेच वर जातो. खालचा स्वर निमिषभर वाजून गेलेला असतो, पण आपला कान त्याला सोडत नाही, तो धरूनच वरचं ऐकतो. वाद्य एक, आवाज दोन-तीन, आणि त्यातला एक प्रत्यक्षात वाजतच नाहीये, श्रोत्याच्या डोक्यात चालू आहे. आण्णांना मी हे लावून दिलं तेव्हा दोन-तीन आवर्तनं गप्प होते, मग उजव्या हाताची बोटं मांडीवर पडायला लागली, बारा मात्रा, वजन बरोब्बर दुसरीवर. चहाचा कप तसाच राहिला, वर साय धरली. शुद्ध गंधार आला तिथं बोटं थांबली. संपल्यावर म्हणाले, "तंबोरा हाय की ह्यात. लपवून ठेवलाय."

बाख बाहेरगावाहून परत आला तर बायको वारलेली होती, १७२० सालीच, आणि शाकॉन म्हणजे तिच्यासाठी केलेला विलाप आहे, अशी एक गोष्ट सांगतात. बायको मारिया बार्बरा त्या वर्षी गेली हे खरं, पण शाकॉनचा तिच्याशी संबंध जोडायला पुरावा नाही. लोकांना गोष्ट लागते. मला नाही लागत, तो शुद्ध गंधार पुरेसा आहे.

ह्याच संचातल्या तिसऱ्या पार्टिटाचा एक छोटा भाग, गावोत नावाचं नृत्य, १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अंतराळात गेला. त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटांची. केसरबाई म्हणजे अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, म्हणजे आमचीच तालीम. तिथं बाखच्या वाट्याला तीन जागा आल्या आणि आपल्या वाट्याला एक, ह्याचं वाईट वाटून घ्यायचं असेल तर घ्यावं, मी तर दोन्ही एकापाठोपाठ लावतो. व्हायोलिनच्या गावोतवर लगेच भैरवी ऐकली की केसरबाईंच्या मागचा तंबोरा जरा जास्तच ऐकू येतो. हा फायदा कोणी सांगितला नव्हता, दुसरीकडचं ऐकून आल्यावर आपल्या घरातल्या धरून चाललेल्या गोष्टी पहिल्यांदा कानावर येतात.

शाकॉननंतर फ्यूगकडं गेलो, तोही बाखचाच, १७२२ च्या वेल टेंपर्ड क्लाव्हियर ह्या संग्रहातला सी मायनरचा. जेमतेम पावणेदोन मिनिटं. मधला आवाज एकटा सुरू करतो, एक लहानशी खोडकर चाल, ती पुरी झाली की वरचा आवाज तीच चाल पंचमावर घेतो, आणि पहिला गप्प बसत नाही, त्याच्या विरुद्ध दुसरंच काहीतरी बोलत राहतो. मग खालचा येतो. आपल्या जुगलबंदीत एक बोलतो तेव्हा दुसरा थांबतो किंवा नुसता धरून राहतो, इथं थांबणं हा प्रकारच नाही. मी पहिल्यांदा फक्त खालचा आवाज कधी येतो ह्याचीच वाट बघायचो, तो आला की टिक मार्क. हळूहळू दोन धरता यायला लागले. तिन्ही एकदम धरता येतात का? काही सेकंद. मग एखादा निसटतोच.

ह्याचा परिणाम भलत्याच ठिकाणी झाला. लग्नाच्या वरातीतला बँड मी जन्मभर ऐकत आलोय, महाद्वार रोडला सीझनमधे गाडी अडकली की दुसरं करणार काय. क्लॅरिनेट आणि ट्रंपेटवाले नवीन सिनेमाचं गाणं घासत असतात, लोक नाचत असतात, आणि मागच्या रांगेत पोटाएवढं पितळी वाद्य घेतलेला एक घामाघूम माणूस भुंभुं करत असतो ज्याच्याकडं कोणीच बघत नाही. मी हल्ली त्यालाच बघतो. वरचे चुकले तर कोणाला कळत नाही, हा एक स्वर चुकला की अख्खं गाणं लंगडतं.

ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष ऐकायचा तर मुंबईला जायला लागतं. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून एनसीपीएत, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समधे, आहे, महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबईत. डोळ्यांनी दिसलं की खालून ऐकणं फार सोपं होतं, डबल बेसवाले एका बाजूला ओळीनं उभे असतात, त्यांचे बो हलले की तिकडं बघायचं. त्रास होतो तो शांततेचा. इतकी सुंदर जागा आली तरी कोणी हूं की चूं करत नाही, दोन भागांच्या मधे टाळी वाजवली तर लोक वळून बघतात, खोकला मात्र चालतो. मैफलीत दाद दिली नाही तर गवैयाला वाटतं ऐकणारे झोपले. बरं ही प्रथा काही सनातन नाही. मोझार्टनं १७७८ मधे पॅरिसहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात आपल्या सिम्फनीच्या ऐन मधे लोकांनी टाळ्या वाजवल्या म्हणून आनंद व्यक्त केलाय, लोकांना ती जागा आवडणार हे ओळखून त्यानं ती शेवटी परत आणली होती. म्हणजे मोझार्टला देवल क्लबची मागची रांग चालली असती.

आणि हो, बीथोवनची पाचवी. मी तिच्या विरुद्ध नाही, फक्त क्रम उलटा पाहिजे म्हणतो. व्हिएन्नात २२ डिसेंबर १८०८ ला ती पहिल्यांदा वाजली, त्याच रात्री सहावी सिम्फनीही, चौथा पियानो कन्चर्टोही, सगळं मिळून चार तास आणि थिएटरात कडाक्याची थंडी, ऐकणाऱ्यांचं काय झालं असेल. सगळ्यांना तिचे पहिले चार स्वर माहीत असतात. मला विचाराल तर पहिला भाग राहू दे, तिसऱ्याचा शेवट ऐका. सगळे जवळजवळ थांबल्यासारखे, वरचे एकच स्वर धरून, खाली टिंपनी, म्हणजे त्यांचे नगारे, हळूहळू ठोकतेय, घर कुठलं तेच कळत नाही, आणि मग न थांबता चौथा भाग फुटतो, सी मायनरचा सी मेजर, तोवर गप्प बसवून ठेवलेले ट्रॉम्बोन पहिल्यांदा तोंड उघडतात. परत तोच गंधार, कोमलचा शुद्ध. शाकॉनमधे तो एका माणसानं चार तारांवर केला होता. आधी ते ऐकलेलं असलं की इथं काय झालं ते सांगावं लागत नाही.

ऑपेरा मात्र अजून बसलेला नाही. संगीत नाटक गाजवलेल्या केशवराव भोसल्यांच्या गावच्या माणसाला नाटकात गाणं ह्याचं वावडं असायचं कारण नाही, पण तो सतत थरथरणारा आवाज जयपूरच्या सरळ आकारावर वाढलेल्या कानाला सोसत नाही, मी बरेचदा बंद केला. तरी मोझार्टच्या १७८६ च्या फिगारो ह्या ऑपेरातल्या दुसऱ्या अंकाच्या शेवटाशी झटापट चालू आहे. आपल्या संगीत नाटकात पद एक जण म्हणतो, बाकीचे तोवर उभे. इथं नवरा-बायकोच्या भांडणापासून सुरू होतं, मग मोलकरीण, मग फिगारो, मग माझ्या कुंड्यांवर खिडकीतून कोणी उडी मारली म्हणत माळी, वीस मिनिटं संगीत थांबत नाही आणि शेवटाला सात जण एकाच वेळी आपापलं म्हणणं मांडतात, भाऊबंदकीच्या वाटणीला सगळे जमल्यासारखे, फरक इतका की इथं प्रत्येकाचं वेगळं ऐकू येतं. निदान यायला पाहिजे. माळी येईपर्यंत मला कोण काय म्हणतंय ते पकडता येतं, सात झाले की कमीतकमी तीन जण हातचे जातात. वाग्नरचं रिंग नावाचं ऑपेरांचं चक्र चार संध्याकाळी मिळून पंधरा तासांच्या आसपास आहे म्हणतात, त्याचं नाव मी घरात अजून काढलेलं नाही.